किचकिच मॅडम

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेआठला खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये त्यांच्या बाथरूमच्या छताचा फोटो. नमस्कार वगैरे काही नाही, डायरेक्ट "हे बघ." फोटोत महाराष्ट्राच्या नकाशासारखा एक पिवळट ओला डाग. (नंतर तो वाढत वाढत मध्य प्रदेशात शिरला.)

आमची पुण्यात कर्वेनगरातली बिल्डिंग १९९४ ची. त्या काळच्या बऱ्याच बिल्डिंगींसारखे भिंतीतले पाइप जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड, तीस वर्षांत आतून गंज धरून धरून पाण्याला वाट राहिलीये बारीकशी, त्यामुळे कुणाच्याही घरात काहीही गळलं की सगळी बिल्डिंग एकसुरात म्हणते, "पाइप गेले." सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, चांगला प्लंबर सुचवा प्लीज. अर्ध्या तासात चार नंबर आले, त्यातले दोन एकाच माणसाचे, एक बंद, आणि मध्येच कुणीतरी सूर्यफुलांचं गुड मॉर्निंग टाकलं.

पहिला आला त्याने बाथरूममध्ये साधारण दोन मिनिटं घालवली. बूट सुद्धा काढले नव्हते. "सगळं फोडावं लागेल ताई, नवीन लाइन, नवीन वॉटरप्रूफिंग, टाइल्स, सगळं धरून पंच्याऐंशी, निम्मे आज दिले तर उद्या सुरू करतो." खाली जाऊन काकूंचं छत बघू का, असं काही नाही. दुसरा गरीब बिचारा, त्याने टाइल्सच्या फटीत व्हाइट सिमेंट भरलं, आठशे घेतले आणि "आता बघा कसं होतंय" म्हणाला. बघितलं. चार दिवसांत मध्य प्रदेश.

मग मी नणंदेकडे किचनचं काम केलेल्या सुतारकाकांना फोन केला. आता तुम्ही म्हणाल प्लंबरसाठी सुतार कशाला, तर ही एक गोष्ट मला उशिरा कळली पण कळली, की एका मिस्त्रीचा नंबर दुसऱ्या धंद्यातल्या मिस्त्रीकडून घ्यावा. शेजाऱ्यांना फक्त एवढं माहीत असतं की माणूस वेळेवर आला का आणि बोलायला बरा होता का. सुताराला मात्र प्लंबरचं काम भोगावं लागतं, सिंकखालचा कपलिंग नीट बसवला नसला की सहा महिन्यांत त्याच्या प्लायचा पाव होतो आणि शिव्या खातो सुतार. टाइलवाल्याला इलेक्ट्रिशियन कसा आहे ते विचारा, पेंटरला पीओपीवाला विचारा, पेंटर तर पीओपीवाल्याबद्दल पंधरा मिनिटं न थांबता बोलतो. सुतारकाका म्हणाले, "एक उडिया आहे, कमी बोलतो, त्याला पाठवतो."

हा जो आला तो केंद्रापाड्याचा. ओडिशातला हा जिल्हा प्लंबरांचं गावच म्हणावं असा, देशभरातल्या बांधकामांवर तिथले प्लंबर सापडतात, तिकडे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था सुद्धा आहे. हे मला त्याने नाही सांगितलं, नंतर माझं मी शोधलं, तो खरंच कमी बोलतो. आल्या आल्या त्याने आमचं बाथरूम बघितलंच नाही, आधी खाली काकूंकडे गेला. छताला हात लावला, वास घेतला, आणि काकूंना एकच प्रश्न विचारला, "ये हमेशा गीला रहता है, या इनके नहाने के बाद?"

काकू म्हणाल्या हमेशा. मग म्हणाल्या नाही, सकाळी जास्त. मग म्हणाल्या आम्ही कोकणात गेलो होतो तेव्हा कसा होता माहीत नाही. त्याने शांतपणे पेन्सिल काढली आणि स्टुलावर चढून ओलीभोवती रेघ मारली, आमच्या बाथरूमचा गच्चीवरून येणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि "कल सुबह तक पानी मत खोलना" म्हणून निघून गेला. पैसे विचारले तर म्हणाला अजून काही केलंच नाही. मला तेव्हा हा माणूस टाळतोय असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

यातलं लॉजिक असं, की भिंतीतल्या पाण्याच्या पाइपात चोवीस तास प्रेशर असतं, तो फुटला असेल तर गळती तुम्ही आंघोळ करा नाहीतर करू नका, चालूच राहणार, आणि व्हॉल्व्ह बंद केला की थांबणार. वापरल्यावरच गळत असेल तर दोष ड्रेनेजचा किंवा फरशीचा. पण बाथरूमच्या खाली एक फूटभर खोलगट स्लॅब असतो, सन्क म्हणतात त्याला, त्यात विटांचे तुकडे भरलेले असतात आणि ते स्पंजासारखं पाणी धरून ठेवतात, म्हणून वरचं पाणी बंद केलं तरी खाली एकदोन दिवस ओल राहतेच. म्हणून त्या रात्री फार काही सिद्ध झालं नाही. रेघ तिथेच, ओल तिथेच, फक्त टपटप बंद. पाइप की फरशी ते काही त्यावरून ठरेना, म्हणून त्याने आधी ड्रेनेज आणि फरशी तपासायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "घर में नील है?"

नीळ होती. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या पांढऱ्या साड्यांसाठी असतेच. त्याने अर्धी बाटली बादलीत ओतली, नहाणी ट्रॅपची, म्हणजे फरशीवरचं पाणी जातं त्या भोकाची, जाळी काढून ते निळं पाणी थेट ट्रॅपमध्ये सोडलं. दिवसभर खाली काही नाही. म्हणजे ट्रॅप आणि खालचा पाइप शाबूत. संध्याकाळी ट्रॅपमध्ये फडक्याचा बोळा कोंबला आणि सगळ्या फरशीवर दोन इंच निळं पाणी भरून ठेवलं, आमची आंघोळ दोन दिवस दुसऱ्या बाथरूममध्ये, पाच माणसं, एक गीझर, त्यावर वेगळी पोस्ट होईल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला जिन्यातून काकूंचा आवाज, "अगं निळं झालं! निळं झालं गं!" आनंदाने ओरडत होत्या, जसं काही नातू झाला.

दोष निघाला ट्रॅपच्या कडेला, जिथे टाइल आणि ट्रॅप भेटतात त्या सांध्यात. त्याने फक्त ट्रॅपभोवतीची दोन बाय दोन फुटांची जागा फोडली, खालपर्यंत साफ केली, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, टाइल बसवली, पुन्हा बोळा घालून चोवीस तास पाणी भरून ठेवलं आणि मग "हो गया" म्हणाला. १९९४ ची ती शेवाळी टाइल आता कुठे मिळणार, बोहरी आळीत दोन दुकानांत विचारून बघितलं, ते हसले. त्यामुळे आमच्या बाथरूममध्ये आता मधोमध एक पांढरं ठिगळ आहे. मला आवडतं ते. नवऱ्याला नाही.

मजुरी त्याने सांगितली साडेचार हजार, मटेरियल वेगळं, ते एकोणीसशेचं झालं, बिलासकट. पंच्याऐंशी हजारांचं कोटेशन माझ्या फोनमध्ये तसंच पडून होतं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "चार करा ना."

का म्हणाले माहीत नाही. खरंच माहीत नाही. तोंडात बसलंय. तुळशीबागेत जे करतो ते तोंड घरी पण तसंच चालतं. तो म्हणाला, "ठीक है मॅडम." आणि मग मी म्हणाले, आलाच आहात तर जरा तो गीझरचा अँगल कॉक बघता का. बघितला. मग म्हणाले जरा ते सिंकखाली पण थेंब थेंब येतंय. ते केलं. मग बाल्कनीतला नळ. "आलाच आहात तर जरा." ही आपली मराठी माणसाची आवडती ओळ आहे, आणि त्यातला तो "जरा" प्रत्येक वेळी पाऊण तासाचा असतो. त्याचा हेल्पर, विशीतला पोरगा, नांदेडकडचा, तिसऱ्या जराला पाना जरा जोरात ठेवला त्याने.

त्यानंतर तो वर गच्चीवर गेला व्हॉल्व्ह उघडायला, मला दिसला नाही म्हणून मी फोन लावला. फोन वाजला माझ्याच किचनच्या ओट्यावर. मी बघितलं. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात नाव आलं होतं.

किचकिच मॅडम करवेनगर.

हेल्पर पण बघत होता. मी फोन कट केला, मग तिथे एक मिस्ड कॉल दिसायला लागला, किचकिच मॅडमचा, तो काही मला पुसता आला नाही. मी चहा टाकला. दुसरं काय करणार.

तो खाली आला, फोन बघितला, माझ्याकडे बघितलं आणि अजिबात लाजला नाही हो. "मॅडम, नाम याद नहीं रहता. इसलिए काम से नाम डालता हूं." आणि मग, मला वाटतं त्याला पण जरा गंमत वाटली असावी, त्याने कॉन्टॅक्ट स्क्रोल करून दाखवले. लिफ्ट मना है कोथरूड. कुत्ता वाला सर. चाय अच्छा वारजे. अंकल पूरा टाइम खडा. पैसा बाद में. पैसा बाद में २. पैसा बाद में ३. असे सात होते, पैसा बाद में. मी विचारलं यांच्याकडे पुन्हा जातोस? म्हणाला, फोन येतो तेव्हा उचलत नाही, सांगतो गाव गया हूं.

त्या रात्री झोप नाही लागली असं काही नाही, लागली, पण डोक्यात एक हिशोब सुरू झाला. आपण वर्षानुवर्षं एकमेकांना विचारतो चांगला माणूस मिळत नाही हो पुण्यात, फोन उचलत नाहीत, येतो म्हणतात येत नाहीत. आणि तिकडे त्यांच्या फोनमध्ये आपली पण एक यादी आहे, आणि ज्याच्या हातात कला आहे त्याला काम कमी नाहीये, तो निवडतो. जो सगळ्यांकडे लगेच येतो तो का मोकळा आहे हाही एक प्रश्नच.

मी त्याला विचारलं एका दिवसात किती कामं होतात. दोन, म्हणाला, तिसरं झालं तर नशीब. सकाळी हेल्परला घ्यायचं, त्याची हजेरी सातशे, काम असो नसो ठरलं की द्यायची. एका घरी जायचं, बघायचं, मग तिथून पार्ट आणायला जायचं, जुन्या मापाचा पाइपचा एखादा जोड, युनियन किंवा रिड्यूसर, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, रविवार पेठेत जावं लागतं, तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास, आणि ते अर्ध्या दिवसाचं फिरणं कुठल्याच बिलात दिसत नाही. आपल्याला दिसतो फक्त तो नळाशी बसलेला वीस मिनिटांचा वेळ, आणि आपण म्हणतो वीस मिनिटांचे सहाशे? त्याचे सहाशे वीस मिनिटांचे नसतातच.

मग दुसऱ्या दिवशी मी त्याला पाचशे जीपे केले. वर त्या तीन "जरा"चे किती झाले ते सांग म्हटलं. त्याने सांगितलं सातशे. दिले. यात काही मोठेपणा नाही, उशिरा दिलेले पैसे ते.

आता कुणी म्हणेल सगळेच मिस्त्री असे संत असतात का, तर नाही, मीच सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या हॉलच्या पीओपीसाठी एका माणसाने चाळीस हजार अ‍ॅडव्हान्स घेतला, दोन दिवस चॅनल ठोकले, आणि गायब. फोन बंद. आम्ही अर्ध्या छताखाली दिवाळी केली. पण शांत डोक्याने बघितलं तर अर्धी चूक आमची, कारण एक ओळ लिहून घेतलेली नव्हती, मटेरियल किती मजुरी किती वेगळं काढलेलं नव्हतं आणि काम सुरू व्हायच्या आधीच निम्म्याहून जास्त पैसे देऊन बसलेलो. आता मी साध्या वहीच्या कागदावर लिहिते. काय करायचं, काय नाही करायचं (हे जास्त महत्त्वाचं), सामान कुणी आणायचं, राडारोडा कोण उचलणार. राडारोड्याचं तर नक्की ठरवा, नाहीतर ती पोती रात्री कुठल्यातरी ओढ्यात जातात आणि पावसाळ्यात आपणच ग्रुपवर फोटो टाकतो नाल्याला पूर आला म्हणून. पैसे टप्प्याने, सामान आलं की सामानाचे, अर्धं झालं की थोडे, आणि शेवटचे दहा टक्के टेस्ट झाल्यावर. पण टेस्ट झाली की त्याच दिवशी, उभ्या उभ्या. "साहेब आले की देतील" नाही. साहेब फोनवरून पण देऊ शकतात, मी माझ्या साहेबांना तेच सांगितलंय. आणि छोट्या माणसाकडे जीएसटी बिल मागून त्याला घाबरवू नका, वर्षाला वीस लाखांच्या आत धंदा असेल तर त्याला ते नोंदणं सक्तीचं नाही, साधी पावती पुरते.

इलेक्ट्रिशियनचं सांगायचं राहिलंच. आईंच्या बाथरूमचा गीझर लावला की एमसीबी ट्रिप व्हायचा. नवऱ्याने ऑफिसजवळचा कुणीतरी आणला, त्याने दहा मिनिटांत लहान एमसीबी काढून बत्तीस अँपिअरचा टाकला, तीनशे रुपये, ट्रिप होणं बंद, सगळे खूष. नंतर दुसऱ्या कामासाठी जो आला, औंध आयटीआयचा, तिथे दोन वर्षांचा वायरमनचा कोर्स केलेला आणि सरकारी परवाना असलेला, त्याने बोर्ड उघडला आणि बोर्ड तसाच उघडा ठेवून म्हणाला, "हे मी असं सोडून जाणार नाही." आत दीड स्क्वेअर एमएमची वायर, दिव्यापंख्यांची, तिच्यावर तीन किलोवॅटचा गीझर म्हणजे तेरा अँपिअर. वायरचं कव्हर कडक होऊन बिस्किटासारखं तुटत होतं. एमसीबी असतो वायरला वाचवायला, तो बिचारा ओरडत होता म्हणून आम्ही त्याचं तोंड बंद केलं होतं. तो म्हणाला चार एमएमची वेगळी वायर ओढू, अर्थिंग तपासू, आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडतो तो) नसेल तर तोही लावू, नाहीतर तुमचं दुसरं काम पण मी करत नाही. आई म्हणाल्या केवढा तो तोरा. मला पण तेव्हा तोराच वाटला. आता वाटतं, जो माणूस समोरून येणारे पैसे सोडून नाही म्हणतो त्याचा नंबर पहिल्यांदा सेव्ह करावा. सामान आम्ही त्याच्याबरोबर जाऊन तपकीर गल्लीतून आणलं, तिथे त्याने दुकानदाराशी जी घासाघीस केली ती बघून मला माझी लाज वाटली, मी म्हणजे अगदीच नवशिकी.

दुकानावरून आठवलं, कमिशन. मिस्त्रीला दुकानदार काहीतरी देतो हे सगळ्यांना माहीत आहे, पेंटच्या डब्यात टोकन निघतं, पेंटर डबा उघडला की पहिले ते खिशात टाकतो. माझे बाबा त्यावरून पेंटरशी भांडले होते एकदा, डबा माझ्या पैशाचा टोकन पण माझं. मला ते आता पटत नाही. आपण क्रेडिट कार्डाचे पॉइंट घेतोच की. फक्त त्या टोकनासाठी तीन डबे लागतात तिथे पाच आणवले तर बोलावं. त्यावर सोपा उपाय म्हणजे रिकामे डबे फेकायचे नाहीत, काम होईपर्यंत बाल्कनीत ठेवायचे.

आणि आता सोसायटी. इथे मी जरा चिडणार आहे.

आमच्याकडे दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद. ठीक आहे, लोक झोपतात, पुणं आहे. पण त्या दोन तासांत सुतार काय करतो? जिन्यात बसतो. त्याला पण हजेरी द्यावी लागते त्याच्या माणसाला. आठ तासांचं काम सहा तासांत बसवायचं आणि मग आपणच म्हणायचं बारा दिवस सांगून सोळा लावले. मी आता दोन ते चार पॉलिश, मोजमाप, लॅमिनेट कापायच्या खुणा असली बिनआवाजाची कामं करून घेते, ते सुतारकाकांनीच सुचवलं. लिफ्ट नको, सामानाने खराब होते, असा नियम. बरं, सामान जिन्याने. पण रिकाम्या हाताने उतरणारा माणूस पण जिन्याने? चौथ्या मजल्यावरून? मीटिंगमध्ये विचारलं तर एक काका म्हणाले, मग उद्या कुणीही येईल. कोण कुणीही? तो तुमच्याच घराचा नळ दुरुस्त करायला आलाय.

त्याहून वाईट म्हणजे संडास. नणंदेकडे काम चाललं होतं तेव्हा मी सहज सुतारकाकांना विचारलं, तुम्ही दिवसभर जाता कुठे? ते आधी बोललेच नाहीत. मग म्हणाले, खाली वॉचमनचा आहे त्याला कुलूप असतं, म्हणून सकाळी निघताना चहा घेत नाही, पाणी पण कमीच पितो. बासष्ट वर्षांचा माणूस. मे महिना. आणि आम्ही ट्रेमधून मोठ्या कौतुकाने सरबत नेत होतो आणि ते अर्धं ठेवत होते, आम्हाला वाटायचं गोड चालत नसेल.

घरी आल्यावर मी आईंना म्हटलं आपल्याकडे काम सुरू झालं की मागचं बाथरूम त्यांना. आई गप्प. आमच्याकडे ओट्याच्या खालच्या कप्प्यात तीन कप आहेत, एकाचा कान तुटलाय, दोन वेगवेगळ्या सेटमधले, ते "कामाच्या माणसांचे". मी लग्न होऊन आले तेव्हापासून आहेत आणि अठरा वर्षं मी त्याच कपांत चहा देत आले, मला कधी खटकलं सुद्धा नाही, मग आईंना तरी कोणत्या तोंडाने बोलू. मी काही भाषण दिलं नाही. प्लंबर आला त्या दिवशी फक्त आमच्या नेहमीच्या कपांत चहा ओतला आणि ट्रे आईंच्याच हातात दिला. त्यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नेऊन दिला. परत येऊन म्हणाल्या, "बिस्किटं पण दे, नुसता चहा काय." तीन कप अजून आहेत त्याच कप्प्यात. कुणी वापरत नाही, कुणी टाकत नाही.

हेल्परचं एक. तो नांदेडकडचा पोरगा मला विचारत होता, ताई बांधकाम कामगार मंडळात नाव लावायचंय, वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तुम्ही देता का लिहून? राज्याच्या या मंडळाच्या बऱ्याच योजना आहेत, पोरांच्या शिक्षणाला, दवाखान्याला मदत. पण हा मुलगा माझ्याकडे तीन दिवस होता, दुसरीकडे दोन, कुठे अर्धा. मोठ्या साइटवर असता तर ठेकेदाराने एकाच सहीत दिला असता. नव्वद दिवस चाळीस घरांत वाटले गेले असतील तर सही कुणाची? मी माझ्या तीन दिवसांचं तारखांसकट लिहून दिलं, उपयोग होईल का देव जाणे, त्याने घडी घालून पाकिटात ठेवलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गच्चीवरच्या टाकीचा बॉल व्हॉल्व्ह (टाकी भरली की आपोआप पाणी बंद करतो तो) गेला. मी फोन लावला, उचलला (!), म्हणाला, "मॅडम, मैं रजा पे हूं, बीस तारीख के बाद." मी म्हटलं रजा कसली, तुला कोण रजा देतं, तू तर स्वतःचाच मालक. तो हसायला लागला. मग कळलं की तो रज म्हणत होता, त्यांचा सण, जूनच्या मध्याला तीन दिवस, धरणीमाता रजस्वला होते असं मानतात, त्यातला रज. त्या दिवसांत नांगर नाही, जमीन उकरायची नाही, पोरी झोके घेतात, घरोघरी पिठा नावाचा पदार्थ करतात. केंद्रापाड्याचे प्लंबर जमेल तसे गाठतात म्हणे गाव. सुतारकामात बिहारची पोरं असतील तर छठला जाणार, आपल्याकडची आषाढीला नाहीतर गावच्या जत्रेला. हे एकदा कळलं की कॅलेंडर बघून काम काढता येतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग एप्रिलमध्ये काढा, ढग आल्यावर सगळं पुणं एकदम जागं होतं. रंगकाम दसऱ्याच्या तोंडावर काढलं तर पेंटर तीन घरांत एकदम लावणार आणि आपण चिडणार. त्यापेक्षा जानेवारीत बोलवा, निवांत करतो, दोन हातांमध्ये पुट्टी नीट वाळू देतो.

बॉल व्हॉल्व्हसाठी थांबले वीस तारखेपर्यंत. दहा दिवस रोज सकाळी गच्चीवर जाऊन हाताने पाणी बंद करत होते. नवरा म्हणाला अ‍ॅपवरून बोलव ना कुणीतरी. बोलावलं असतं, नळाच्या वॉशरसारख्या कामाला ती पोरं चांगली असतात, फक्त जाताना पाच स्टार द्या मॅडम असं इतक्या काकुळतीने म्हणतात की मला स्टार देताना पण वाईट वाटतं. पण म्हटलं थांबू. आला एकवीसला. येताना पोडो पिठा घेऊन आला, जाड, भाजलेला, केळीच्या पानाचा वास. आईंनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, आणि विचारलं यात गूळ किती घालतात.

काकूंच्या छताचा डाग वाळला. कायद्याने बघितलं तर बाहेरचे कॉमन पाइप सोसायटीचे, आपल्या बाथरूममधलं आपलं, त्यामुळे त्यांच्या छताचा रंग आमच्या खर्चाने, तो पाऊस गेल्यावर. काकूंनी पेन्सिलची रेघ मात्र पुसू दिलेली नाही, रोज बघतात ओल रेघेबाहेर आली का.

परवा सोसायटीच्या ग्रुपवर बी विंगमधल्या एका बाईंनी विचारलं चांगला प्लंबर कोणी देता का. मी नंबर दिला. तासाभराने त्याचाच फोन आला. "मॅडम, आपने नंबर दिया किसी को? फोन आया था. कैसे लोग हैं?"

मी विचारलं कैसे म्हणजे?

"मतलब पैसा टाइम पे देते हैं? किचकिच तो नहीं करते?"

मी त्या बाईंना ओळखते, मंडईत कोथिंबिरीची जुडी तीनदा परत करतात. मी जरा विचार केला. म्हटलं, "थोडी करेंगी. मेरे जितनी नहीं."

"फिर चलेगा," म्हणाला.